तांडेल, नाखवा, सारंग, मालिम : ‘कॅप्टन’ला यातलं काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे. आजच्या मालवाहू जहाजावर घडणाऱ्या एका इंग्रजी कथेचं मराठी भाषांतर चालू आहे. त्यातलं एक वाक्य अनुवादकाने असं केलंय : ‘तांडेलाने पहिल्या सोबत्याला हाताने खूण केली, बोटस्वेनने ब्रेक सोडला आणि नांगर पडला, सुकाण्या मात्र नाखव्याच्या तोंडाकडे बघत राहिला.’ तांडेल आणि नाखवा हे दोन्ही शब्द कॅप्टनसाठीच आलेत, कारण दोघांचाही अर्थ ‘जहाजावरचा मुख्य’ असाच धरला आहे. हे चालेल का, आणि मेट (कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी), बोसन (डेकवरच्या कामगारांचा म्होरक्या) यांना मराठी शब्द आहेत का?

वाक्य असं चालणार नाही. शब्द मात्र भरपूर आहेत, आणि ते आजही बोटींवर रोज बोलले जातात. ‘मुख्य’ हा एकच अर्थ धरला की घोळ होतो. जहाजाचा धनी, वाट जाणणारा आणि माणसांकडून काम करून घेणारा अशी तीन वेगळी माणसं आहेत, आणि आपल्या किनाऱ्याच्या भाषेने त्यांना पहिल्यापासून तीन वेगळी नावं दिली आहेत.

नाखवा म्हणजे धनी. मूळ फारसी नाखुदा. नाव अधिक खुदा, आणि इथे खुदा म्हणजे मालक. गुजरातेतल्या वेरावळच्या १२६४ सालच्या संस्कृत शिलालेखात इराणी आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझ बंदरातल्या नूरुद्दीन फिरोज या नाखुद्याने मशीद बांधल्याची नोंद आहे. जमीन घेऊन मशीद बांधणारा हा माणूस नुसता बोट हाकणारा नव्हता, तो जहाजवाला व्यापारी होता. कोलकात्याच्या नाखोदा मशिदीच्या नावात हाच शब्द आहे. आपल्या कोळीवाड्यांत आजही बोट ज्याच्या नावावर, तो नाखवा. तो बोटीवर असेल किंवा बंदरावर उभा राहून लिलाव बघत असेल. मालवाहू जहाजाचा कॅप्टन हा पगारी माणूस, जहाज कंपनीचं. त्याला नाखवा म्हटलं की वाचक त्याला जहाजमालक समजणार.

मालिम हा वाट जाणणारा. अरबीत मुअल्लिम म्हणजे शिकवणारा, जाणता. गुजराती-कच्छीत त्याचं मालम झालं. भुजच्या आईनामहाल या राजवाड्याशी ज्याचं नाव जोडलेलं आहे त्या अठराव्या शतकातल्या रामसिंह मालमच्या नावापुढचा मालम तो हाच. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त मोठ्या जहाजावरची बारा प्रकारची माणसं सांगितली आहेत. त्यात नाखुदा मालक आहे, आणि समुद्राची खोली, तारे, दिशा जाणून जहाज नेणारा तो मुअल्लिम. तांडेल त्या यादीत खलाशांचा प्रमुख आहे. म्हणजे नाखुदा आणि तांडेल हे दोघं तेव्हाही एक नव्हते. भारतीय खलाशी असलेल्या जहाजांवर पुढे मालिम हा शब्द डेकवरच्या अधिकाऱ्यांना चिकटला, आणि चीफ ऑफिसर ‘बडा मालिम’ झाला. चीफ ऑफिसर म्हणजेच तुमचा पहिला ‘मेट’, त्याला हा शब्द आयता तयार आहे. ‘पहिला सोबती’ मात्र काढून टाका. मेटचा इथे सोबतीशी काही संबंध उरलेला नाही. ते अधिकारपद आहे.

तांडेल आणि सारंग या जोडीवर थोडं थांबायला हवं, कारण हे शब्द बोटीच्या आकाराप्रमाणे दर्जा बदलतात.

मासेमारीच्या बोटीवर तांडेल सर्वेसर्वा. जाळं कुठे टाकायचं, किती वाव खोल पाण्यात, कधी ओढायचं, वारा फिरला तर परतायचं की नाही, हे सगळं तो ठरवतो. म्हणून बातमीत ‘तांडेलासह सात खलाशी’ असं येतं ते अगदी बरोबर. पण मोठ्या जहाजावर याच शब्दाचं रूप, टिंडल, हे सारंगच्या हाताखालच्या मुकादमाचं पद आहे.

सारंगचंही तसंच. मूळ फारसी सरहंग, म्हणजे पथकाचा नायक. सारंग रागाशी किंवा हरणाशी त्याचा संबंध नाही. शिवाजी महाराजांच्या आरमारातला ‘दर्यासारंग’ हा मोठा अधिकारी होता. जुन्या १९१७च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात सारंग हे लहान वाफेच्या बोटीचं नेतृत्व करायला लागणाऱ्या सक्षमतेच्या दाखल्याचं नाव होतं. म्हणजे खाडीतल्या लाँचवर सारंग हाच प्रमुख. आणि तिथे ‘ड्रायव्हर’ म्हणजे इंजिन सांभाळणारा, चाक धरणारा नाही. भाषांतरात इथे हमखास उलटापालट होते. पण दोनशे मीटर लांबीच्या मालवाहू जहाजावर सारंग म्हणजे डेकवरच्या कामगारांचा म्होरक्या. चीफ ऑफिसर सकाळी त्याला कामं सांगतो, तो माणसं वाटून देतो : कोण गंज खरवडणार, कोण रंग लावणार, कोण दोर तपासणार. इंग्रजीत ज्याला बोसन म्हणतात तो हाच. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगला भुलून ‘बोटस्वेन’ लिहू नका, तसा उच्चार जहाजावर कोणी करत नाही. सारंग तरी लिहा, नाहीतर बोसन.

नांगर टाकतानाचं दृश्य नीट पाहिलं तर ही पदं आपोआप जागेवर बसतात. कॅप्टन ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या उंच खोलीत असतो. बहुतेक मोठ्या मालवाहू जहाजांचा ब्रिज मागच्या टोकाला असतो, त्यामुळे तिथून नाळेवरच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या माणसाला हाताने खूण करायला कॅप्टन जात नाही. वॉकीटॉकीवर हुकूम जातो. पुढे नाळेवर चीफ ऑफिसर उभा असतो, आणि विंडलासच्या, म्हणजे नांगराची साखळी सोडायच्या-ओढायच्या यंत्राच्या, ब्रेकच्या चाकावर सारंग. डोळ्यांना गॉगल लावलेला, कारण साखळी सुटली की गंजाची भुकटी, वाळलेला चिखल आणि ठिणग्या उडतात. साखळी शॅकलमध्ये मोजतात. एक शॅकल म्हणजे २७.५ मीटर. दोन शॅकलांच्या जोडाच्या आसपासच्या कड्यांना रंगाच्या खुणा असतात. त्या बघून ‘तीन पाण्यात’, ‘चार डेकवर’ असं, म्हणजे किती शॅकल सुटले ते, ब्रिजला कळवलं जातं. पाणी खोल असेल तर ब्रेक मोकळा सोडून नांगर टाकत नाहीत, विंडलासच्या गिअरवरच हळूहळू खाली उतरवतात. तसं केलं नाही तर साखळीचा वेग वाढत जातो, ब्रेकचं अस्तर जळतं आणि साखळी आवरत नाही. म्हणून ब्रेकवर अनुभवी सारंगच लागतो. हे माहीत असलं की त्याच्यासाठी ‘मदतनीस’ किंवा ‘नाविक’ असला पांढराफटक शब्द लिहवत नाही.

सुकाण्या हा शब्द तुम्ही योग्य घेतलाय. अरबी सुक्कान म्हणजे सुकाणू. जुन्या जहाजी इंग्रजीत हाच माणूस ‘सीकनी’ झाला. पण सुकाण्या कॅप्टनच्या तोंडाकडे बघत राहत नाही, त्याचे कान हुकमाकडे आणि डोळे कंपासकडे असतात. ‘स्टारबोर्ड टेन’ (सुकाणू उजवीकडे दहा अंश) असा हुकूम आला की तो आधी तेच शब्द मोठ्याने परत म्हणतो, चाक फिरवतो, सुकाणू दहा अंशांवर आल्याचं काट्यावर दिसलं की तसं पुन्हा सांगतो. चुकीचं ऐकलं असेल तर पहिल्याच उच्चाराला पकडलं जातं, म्हणून ही पद्धत. कर्णधार या संस्कृत शब्दाचाही मूळ अर्थ हाच : कर्ण म्हणजे सुकाणू, ते धरणारा. क्रिकेटने त्याला कॅप्टनपदी बसवलंय. जहाजाच्या कथेत म्हणूनच तो टाळावा.

कौटिल्याने मोठ्या नावेवर शासक (हुकूम देणारा), नियामक (सुकाणू धरणारा), दात्र म्हणजे विळा आणि दोर धरणारे, आणि उत्सेचक म्हणजे पाणी उपसणारे हवेत असं लिहिलंय. हुकूम देणारा आणि सुकाणू धरणारा तिथेही वेगळे आहेत.

आता ‘चीफ’ या शब्दाचा सापळा. वर्तमानपत्रांत चीफ ऑफिसरचं ‘जहाजाचा मुख्य अधिकारी’ होतं आणि वाचकाला तोच कॅप्टन वाटतो. तो कॅप्टननंतरचा. त्यापुढे गोंधळ असा की सेकंड ऑफिसर डेकच्या उतरंडीत तिसरा येतो आणि थर्ड ऑफिसर चौथा. पारंपरिक वाटणीत बारा ते चारचा वॉच, म्हणजे पहारा, सेकंडचा, चार ते आठचा चीफचा, आठ ते बाराचा थर्डचा. इंजिनाच्या बाजूलाही चीफ इंजिनिअरनंतर सेकंड इंजिनिअर येतो. ‘दुय्यम अभियंता’ असं भाषांतर केलं की सरकारी बांधकाम खातं आठवतं, जहाज नाही. भारतीय जहाजांवर चीफ इंजिनिअर ‘बडा साब’, त्याखाली ‘तीन साब’, ‘चार साब’, ‘पाँच साब’ आणि विजेचं बघणारा ‘बत्ती साब’. संवादात हे शब्द फार जिवंत वाटतात. कथेतला ताफा भारतीय असेल तर जरूर वापरा, फिलिपिनो असेल तर नको.

खालच्या पदांत दोन शब्द नेहमी फसवतात. कसाब म्हणजे इथे खाटीक नाही. डेकचं सामान, दोर, रंग, दिवे यांचा कोठारवाला. अबुल फझलच्या यादीत लाकूडफाटा पुरवणारा ‘नाखुदा-खशब’ आहे, आणि खशब म्हणजे लाकूड. कसाबचं मूळ तिथे असावं असं मला वाटतं. भंडारी म्हणजे आधी कोठीवाला, पुढे खलाशांचा स्वयंपाकी. १६७९ साली खांदेरीवर झुंजलेला मायनाक भंडारी मात्र स्वयंपाकी नव्हे, ते भंडारी जातीचं नाव. कोळशावर चालणाऱ्या बोटी होत्या तेव्हा आगवाला भट्टी पेटवायचा, कोयलावाला कोळसा ओढून आणायचा, तेलवाला यंत्रांना तेल द्यायचा. यातली कामं संपली तशी नावंही विरली. जुन्या काळची कथा असेल तरच ती घ्या.

साध्या सेलरला खलाशी. हा शब्द समुद्राबाहेरही पसरलाय : रेल्वेतही खलाशी हे पद असायचं, आणि केरळातल्या बेपूरचे माप्पिळा खलाशी जहाजं किनाऱ्यावर ओढायच्या त्यांच्या कसबासाठी प्रसिद्ध आहेत. त्यामुळे ‘खलाशी’ म्हटलं की दोर, कप्पी आणि अंगमेहनत डोळ्यांपुढे येते. अधिकाऱ्यांसकट सगळ्या ताफ्याला तो लावू नये. सगळ्यांना मिळून ‘जहाजावरची माणसं’ किंवा सरळ ‘क्रू’ म्हणावं. गोव्यातला माणूस असेल तर कोंकणीतला ‘तारवटी’ सुंदर आहे. तारू, म्हणजे जहाज, त्यावर जाणारा.

राहिला कॅप्टन. त्याला कॅप्टनच लिहा, जुनी शिडाची कथा असेल तर कप्तान. तुमचं वाक्य मग असं होईल : ‘कॅप्टनने ब्रिजवरून वॉकीटॉकीवर हुकूम दिला. नाळेवर उभ्या मालिमने हात खाली केला, सारंगने ब्रेक सोडला आणि नांगर पडला. सुकाण्याची नजर मात्र कंपासवरून हलली नाही.’