'सराईत' कोणाला म्हणावं?

विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "पारधी आणि इतर विमुक्त समाजांना पोलिस, कोर्ट आणि तुरुंगात जी वागणूक मिळते, तिच्यावर मी मराठीतून प्रबंध लिहिते आहे. रिमांडचे अर्ज, जामिनाला विरोध करणारे पोलिसांचे 'से' (कोर्टात दिलेलं लेखी म्हणणं), बातम्यांची कात्रणं वाचते. ज्यांना आजवर एकदाही शिक्षा झालेली नाही अशांच्या नावापुढेही 'सराईत गुन्हेगार' लिहिलेलं दिसतं. हा शब्द नेमका कधी लागू होतो? 'विमुक्त' म्हणजे 'मोकाट सोडलेले' असं एकांनी मला सांगितलं, ते बरोबर आहे का? आणि प्रबंधाच्या नावात 'भेदभाव' लिहू की दुसरा काही शब्द?"

'सराईत' हा मुळात कौतुकाचा शब्द आहे. ज्याला सराव आहे तो सराईत. बाई सराईतपणे भाकरी थापते, तबलजीचा हात सराईत असतो, घाटातला ड्रायव्हर सराईत असतो. पटा खेळण्यात तरबेज तो पटाईत, भाला चालवणारा तो भालाईत, त्याच घरातला हा शब्द. यांतलं कोणतंही विशेषण वारशाने मिळत नाही. पटाईत बापाचा मुलगा पटा हातात न धरता पटाईत होत नाही. 'सराईत' म्हणण्यासाठी ती गोष्ट त्या माणसाने स्वतः केलेली असावी लागते, आणि पुन्हा पुन्हा केलेली असावी लागते. ही अट शब्दाच्या पोटातच आहे.

कायद्यानेही तीच अट घातली आहे. आपल्याकडे मुंबई राज्याचा १९५९ चा सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आहे, इतर राज्यांतही तसे कायदे आहेत. व्याख्या थोड्याफार निराळ्या असल्या तरी गाभा एकच: ठरावीक काळात ठरावीक वेळा न्यायालयाने दोषी ठरवून कैदेची शिक्षा दिलेली हवी. किती वेळा पकडलं हे तिथे मोजायचं नसतं, किती वेळा शिक्षा झाली ते मोजायचं असतं. म्हणजे माणूस आधी संशयित, मग आरोपी, खटला चालू असेपर्यंत तुरुंगात असला तर न्यायाधीन बंदी (बोलीत कच्चा कैदी), दोष सिद्ध झाला तर सिद्धदोष, आणि असं अनेकदा घडलं तर सराईत. तुम्ही वाचता त्या कागदांत संशयिताला उचलून थेट शेवटच्या पायरीवर बसवलेलं आहे. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्वच्छ आहे. ज्याला शिक्षा झालेली नाही त्याला सराईत म्हणणं भाषेच्या दृष्टीने चूक आणि कायद्याच्या दृष्टीनेही चूक.

'रेकॉर्डवरील गुन्हेगार' या जोडशब्दाकडेही नीट पाहा. हे रेकॉर्ड पोलिस ठाण्याचं स्वतःचं असतं. हिस्ट्रीशीट, म्हणजे एखाद्या माणसावर नजर ठेवण्यासाठी ठाण्यात ठेवलेली नोंद, उघडायला प्रत्येक वेळी शिक्षा झालेली असतेच असं नाही. दिल्ली पोलिसांनी ज्यांच्या नावे अशी हिस्ट्रीशीट उघडली होती त्या अमानतुल्ला खान यांच्या प्रकरणात मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर बोट ठेवलं. मागास समाजांतल्या, अनुसूचित जाती-जमातींतल्या निरपराध माणसांची नावं केवळ पूर्वग्रहापोटी अशा नोंदींत घातली जात असल्याची दखल न्यायालयाने घेतली आणि सगळ्या राज्यांना आपापले नियम तपासायला सांगितले. म्हणून 'रेकॉर्डवरील' हे विशेषण वाचलं की पहिला प्रश्न हवा, ते रेकॉर्ड कोणी आणि कशावरून लिहिलं?

पण सरावाने मिळणारं विशेषण जन्माला कसं चिकटलं? इथे 'गुन्हेगार जमात' या शब्दाकडे जावं लागतं. 'गुन्हेगार' फारसीतून आला. '-गार' हा करणाऱ्याचा प्रत्यय, जादूगारातला. गुन्हा करतो तो गुन्हेगार. करणारा कोणीतरी एक हवा, त्याने काही केलेलं हवं, कधी आणि कुठे केलं ते सांगता यायला हवं. जमात काय करणार? तिच्यात आजचं तान्हं मूल आहे, अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे. 'गुन्हेगार जमात' हा शब्दप्रयोग मराठीच्या व्याकरणात उभाच राहत नाही. तो मराठीने घडवलेला नाही, इंग्रजी कायद्याच्या नावाचं ते शब्दशः भाषांतर आहे.

तो कायदा १८७१ चा. आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यासह सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करण्याची वाट मोकळी झाली, १९२४ मध्ये त्याची पुन्हा एकत्र मांडणी झाली. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर, असा त्यामागचा युक्तिवाद होता. बिनजामिनी गुन्हे पद्धतशीरपणे करण्याच्या आहारी गेलेली एखादी जमात, टोळी किंवा वर्ग आहे असं स्थानिक सरकारला वाटलं की ते नाव अधिसूचनेत घालायची प्रक्रिया सुरू करता येई. 'आहारी गेलेली' हे मी मुद्दाम लिहिलं, कारण मूळ इंग्रजी शब्द व्यसनाचाच आहे. सवय जडलेला माणूस आपण पाहिलेला असतो, इथे अख्ख्या जातीला सवय जडवली. त्या अधिसूचनेविरुद्ध कोर्टात दाद मागायची सोय नव्हती. नाव नोंदवायचं, पुढे बोटांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची, गावाबाहेर जाताना पास घ्यायचा. पास नसेल तर तोच गुन्हा. म्हणजे ज्याने कधी चोरी केली नाही तोही बहिणीच्या गावी जाऊन आला म्हणून शिक्षा भोगू शकत होता, आणि ती शिक्षा पुन्हा त्याच्या नावावर जमा होत होती. 'सराईत' असा तयार केला गेला. तुमच्या प्रबंधात या यंत्रणेला एक स्वतंत्र प्रकरण द्याच.

या कायद्याने ज्यांना बांधलं त्यांच्या नावांतही त्यांचे जुने धंदे दिसतात. पारध म्हणजे शिकार, फासे लावून ती करणारा फासेपारधी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो धंदाच गुन्हा ठरला. रामोशी तर गावची राखण करणारा. चोरी झाली की माग काढायचं काम त्याचं. ज्याच्यावर गावाने रात्र सोपवली त्याचंच नाव पुढे या यादीत गेलं.

'भामटा' या शब्दाबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. 'भामट्याने वृद्धेचे दागिने लांबवले', 'तोतया पोलिस भामटे गजाआड' असे मथळे आपण रोज वाचतो. फसवणारा चोर या अर्थी हा शब्द इतका रुळला आहे की त्यात कोणाला काही खटकत नाही. आता महाराष्ट्राची विमुक्त जातींची यादी काढा. चौदा नावं आहेत. त्यात बेरड, कैकाडी, कंजारभाट, वडार, छप्परबंद यांच्याबरोबर भामटा आहे, राजपूत भामटाही आहे. भामट्याच्या पोटनावांत टकारी, पाथरूट आहेत, उचलेही आहेत. एखाद्या मुलाच्या जातीच्या दाखल्यावर जो शब्द सरकारी शिक्क्याने छापलेला असतो, तोच त्याच दिवशीच्या पेपरात चोराला लावलेला असतो. शाळेत हजेरीपटाशेजारी जातीचा रकाना मोठ्याने वाचला गेला तर त्या मुलाचं काय होत असेल? मीही हा शब्द पुष्कळ वर्षं सहज वापरला, घरातल्या खोडकर मुलाला लाडाने म्हटला. ती यादी वाचली त्या दिवसापासून सोडला. ठकसेन, लबाड, फसवा, तोतया, लुच्चा असे कितीतरी शब्द मराठीत आहेत, एका समाजाचं नाव वापरण्याची गरज नाही. लक्ष्मण गायकवाड यांनी आत्मकथनाला 'उचल्या' हेच नाव दिलं आणि १९८८ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. समाजाने आपलं नाव स्वतः उच्चारणं वेगळं आणि मथळा लिहिणाऱ्याने ते कोणा चोराला लावणं वेगळं.

आता 'विमुक्त'. 'मोकाट' हा त्याचा अर्थ नव्हे, आणि ही चूक साधी नाही. मोकाट म्हणतात ते गुराला, कुत्र्याला. त्या शब्दात बोलणाऱ्याची भीती असते, की हे सुटलंय, आता कोणाला तरी त्रास देणार. 'विमुक्त' शब्दात दोष बांधणाऱ्याकडे जातो. जो बांधलेला होता आणि ज्याचा बंध काढला तो विमुक्त. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षं सोळा दिवसांनी. म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. सरकारी इंग्रजीत या समाजांना दिलेलं नाव कोरडं आहे, अधिसूचनेतून काढलेले एवढाच त्याचा अर्थ. तेच शब्दशः आणलं असतं तर 'अनधिसूचित' असं काहीतरी जिभेला न पेलणारं झालं असतं. 'विमुक्त' शब्द निवडणाऱ्यांनी भाषेवर उपकार केले. सरकारी कागदावर त्याचं 'विजा' होतं, भटक्या जमातींचं 'भज', आणि दोन्ही मिळून 'विजाभज'. ही संक्षेपं प्रबंधात वापरू नका, त्यांत अर्थ उरत नाही.

सोलापुरात या इतिहासाचा एक शब्द अजून जिवंत आहे. तिथे 'सेटलमेंट' म्हणजे या कायद्याखाली आलेल्यांना ठेवायची तारेच्या कुंपणातली वसाहत. तिथली माणसं गिरण्यांत राबायची आणि हजेरीला परत यायची. कुंपणाबाहेर राहायची परवानगी मिळालेल्यांची वस्ती ती 'फ्री कॉलनी'. आज पत्त्यात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' लिहिणाऱ्या कितीजणांना त्यातल्या 'फ्री'चा अर्थ ठाऊक असेल? मुलाखतींसाठी सोलापूरला गेलात तर 'वसाहत' म्हणू नका, 'सेटलमेंट' म्हणा, म्हातारी माणसं लगेच बोलू लागतील. पारध्यांकडे जाल तेव्हाही तसंच. त्यांच्या वस्तीला पाल म्हणायचं की बेडा, हे जिल्ह्यावर अवलंबून. विदर्भात 'पारधी बेडा' म्हणतात.

कायदा गेला तरी त्याची भाषा तुरुंगांच्या नियमावलीत राहिली. पश्चिम बंगालच्या नियमात रात्रीच्या पहाऱ्यावर नेमायचा कैदी, पळून जाण्याची उपजत ओढ असलेल्या वर्गातला नसावा असं होतं, आणि उदाहरण दिलं होतं भटक्या जमातींच्या माणसांचं. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे जातीवर आधारलेले नियम घटनाबाह्य ठरवले. तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली गोष्ट त्याच निकालात आहे. तुरुंग नियमावलीतला 'सराईत गुन्हेगार' हा शब्द यापुढे त्या-त्या राज्याच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणेच वाचायचा, असं न्यायालयाने सांगितलं. विमुक्त समाजांतल्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांनाही बजावलं. शब्दाचा अर्थ नीट लावणं हे न्यायाचंच काम आहे, हे इतक्या स्पष्टपणे क्वचित दिसतं.

संशोधनात एक अडचण तुम्हाला येईलच. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या तुरुंगविषयक वार्षिक आकडेवारीत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि इतर असे रकाने असतात, विमुक्तांचा नसतो. शिवाय एकच समाज ठिकठिकाणी वेगळ्या रकान्यात पडतो. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती. कैकाडी विदर्भात अनुसूचित जाती, बाकी महाराष्ट्रात विमुक्त. पारध्यांतही फासेपारधी अनुसूचित जमातींत, पालपारधी आणि राजपारधी विमुक्तांत. तेव्हा तक्त्यात प्रवर्गाबरोबर समाजाचं नाव आणि जिल्हा दोन्ही ठेवा, नाहीतर बेरीज चुकेल.

राहिलं प्रबंधाचं नाव. 'भेदभाव' चालेल, पण फार वापरून गुळगुळीत झाला आहे. 'सापत्नभाव' नको, त्यात सावत्र आईवर विनाकारण ठपका येतो. 'दुजाभाव' सुंदर आहे, आपल्या माणसाला परका मानणं त्यात नेमकं येतं, पण तो मनातल्या भावापाशी थांबतो. तुम्हाला कृती दाखवायची आहे. माझं मत विचाराल तर 'पंक्तिप्रपंच' घ्या. एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी काहींच्या भातावर तुपाची धार आणि काहींच्या पानात कोरडा भात, हा पंक्तिप्रपंच. तुम्ही दाखवणार आहात तेही हेच ना? कलम तेच, आरोप तोच, कोर्ट तेच, आणि एकाला पहिल्या तारखेला जामीन, दुसऱ्याला 'सराईत' म्हणून नकार. या शब्दात वाढणारा हात दिसतो. विद्यापीठाला तो घरगुती वाटला तर मुख्य नावात 'असमान वागणूक' ठेवा आणि पहिल्या प्रकरणाचं नाव 'पंक्तिप्रपंच' द्या.

मजकुरात 'गुन्हेगार जमाती' केवळ जुन्या कायद्याचं नाव म्हणून, अवतरणचिन्हांत यावं. एरवी 'गुन्हेगार ठरवलेल्या जमाती' लिहा. 'ठरवलेल्या' हे एक कृदंत आलं की वाचणारा आपोआप विचारतो, कोणी ठरवल्या? आणि 'सराईत' लिहिलेल्या प्रत्येक कागदासमोर एक रकाना आखा, शिक्षेची तारीख. ती मिळाली तर भरा. न मिळाल्यास रकाना रिकामाच छापा.