लेकराच्या वाटेतला चिखल

परभणीहून चार पानी पत्र आलंय. ओळख लागेल असं सगळं गाळून कामापुरतं देते.

"मावशी, दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात माझा मुलगा डेंग्यूनं गेला. अकरा वर्षांचा होता. दहावा गंगाखेडला केला, तिथं कावळा शिवेना. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, काही राहिलं असेल तर बोला. शेवटी ह्यांनी हात जोडले, 'बाळा, तुझी सायकल कुणाला देणार नाही.' तेव्हा कुठं कावळा आला. सायकल अजून व्हरांड्यात आहे, चादर टाकून. धाकटी मुलगी आठ वर्षांची आहे. ती सायकलकडं बघते, मागत नाही.

कुणी विचारलं मुलं किती, तर मी म्हणते दोन. हे म्हणतात एक. मग घरी आल्यावर आम्ही एकमेकांशी बोलत नाही. मी रडले की सासूबाई म्हणतात, 'कामून रडायलीस माय, लेकराच्या वाटंत चिखल व्हतोय. तुझी आसवं त्याला तिकडं प्यावी लागतात.' त्या वाईट नाहीत, मावशी. त्यांचाही नातू होता.

मैत्रिणीनं मला एका वाचनमंडळात नेलं. सात-आठ जण एका निवृत्त सरांच्या घरी बसतो. मागच्या महिन्यात जॉर्ज साँडर्सची 'लिंकन इन द बार्दो' ही कादंबरी होती. बार्दो म्हणजे मरण आणि पुढचा जन्म यांच्या मधली अवस्था. इंग्रजी मला जड जातं, पण डिक्शनरी घेऊन पूर्ण वाचली. अब्राहम लिंकनचा अकरा वर्षांचा मुलगा तापानं जातो. बाप रात्री कबरस्तानात येऊन त्याला पेटीतून काढून जवळ घेतो, 'परत येईन' म्हणतो, आणि त्या शब्दापायी पोरगं तिथंच भुतांमध्ये थांबून राहतं. बैठकीत कुणाचं कुणाशी जमेना. एक इंजिनिअर काका म्हणाले, नुसता भुतांचा गोंधळ आहे, शंभर पानांवर सोडली. एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरगी म्हणाली, रात्रभर रडले. प्राध्यापक चिडले, 'बुद्धानं आत्माच नाकारला, मग अडकणार कोण?' उर्दू शाळेतल्या बाजी म्हणाल्या, 'हमारे में इसकू बरज़ख बोलते.' आणि माझी मैत्रीण म्हणाली, 'सोपं आहे. बाप सोडतो तेव्हा पोर सुटतं. मेलेल्यांना आपणच धरून ठेवतो.'

मी उठून आले. त्या दिवसापासून रडणं बंद केलंय. दाबून धरते, जबडा दुखतो. आम्हीही शब्द दिलाय ना सायकलचा. आम्हीच त्याला अडकवलं का? आणि मंडळात परत जाऊ का?"

ताई,

आधी सासूबाईंचं बघू, कारण त्या हवेतून बोलत नाहीत. याज्ञवल्क्यस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नेमकं हेच लिहिलंय: नातेवाइकांची आसवं आणि शेंबूड मेलेल्याला नाइलाजानं गिळावा लागतो, म्हणून रडू नये, आपल्या ऐपतीप्रमाणे क्रिया कराव्यात. गरुडपुराणातही ते आलंय, आणि दहा दिवस घराघरांत ते वाचलं जातं. सासूबाईंनी ते कधीतरी ओसरीवर बसून ऐकलं असणार.

पण त्याच्या चारच श्लोक आधी काय आहे, ते त्यांना कुणी सांगितलं नसेल. मेलेल्याला पाणी देऊन, आंघोळ करून माणसं नदीतून वर येतात, कोवळ्या हिरवळीवर बसतात, आणि मग त्यांना जुन्या गोष्टी सांगून धीर द्यावा, असं तिथं म्हटलंय. मला ते दृश्य फार आवडतं. ओली धोतरं, ओले पदर, आणि कुणीतरी गोष्ट सांगतंय. रडू नये हे वाक्य त्या हिरवळीवरचं आहे. सरण अजून धगधगतंय, घरी जायचंय, पुढचं सगळं करायचंय, आणि माणूस बसल्या जागेवरून उठत नाहीये, अशा वेळी त्याला उठवायला काढलेलं. दोन वर्षांनी भाकरी थापताना डोळे भरून आलेल्या आईसाठी ते वाक्य नाही.

आणि त्यांच्याच हिशोबानं बोलायचं तर वर्षश्राद्ध तुम्ही केलं असेलच. गरुडपुराणातली ती वाट वर्षभराची. वर्ष झालं की जाणारा पितरांत मिळाला. तिबेटी लोक ज्याला बार्दो म्हणतात, त्याची मुदत तर जास्तीत जास्त एकोणपन्नास दिवस. बाजींचा बरज़ख कयामतीपर्यंतचा आहे खरा, पण तो सगळ्यांनाच सारखा. तुमचे प्राध्यापक म्हणतात तेही खोटं नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये आत्मा मानलेला नाही, आणि श्रीलंका-ब्रह्मदेशाकडची थेरवादी परंपरा ही मधली अवस्थाच मान्य करत नाही. कुठलंही खातं उघडा, ताई. दोन वर्षांनंतर आईच्या रडण्यापायी वाटेत चिखलात रुतलेलं पोर त्यात सापडत नाही.

आता ती कादंबरी. मीही वाचली आहे. खरं सांगू, मधली शंभरेक पानं मलाही कंटाळा आला. इतके आवाज, आणि प्रत्येकाला आपलीच रडगाणी सांगायची घाई. तेव्हा इंजिनिअर काकांवर रागावू नका. त्यांच्या नावडीमागंही काही दुःख असेल का, असलं काही शोधत बसू नका. पुस्तक आवडलं नाही, संपलं.

तुमच्या मैत्रिणीनं मात्र ती चुकीची वाचली, असं माझं ठाम मत आहे. आठवून बघा. त्या भुतांचं काय चाललेलं असतं? शवपेटीला ती 'आजाराची पेटी' म्हणतात. आपण मेलोय हे कुणी कबूलच करत नाही. सगळे आजारी आहेत, बरे होऊन घरी जाणार आहेत. त्यांच्यात एक पाद्री आहे, त्याला खरं ठाऊक आहे, पण तोही तोंड उघडत नाही. मग मुलगा बापाच्या अंगात शिरतो, बापाच्या मनात काय आहे ते त्याला आतून ऐकू येतं, आणि तिथं त्याला कळतं. बाहेर येऊन तो सगळ्यांना सांगतो, आपण आजारी नाही, आपण मेलोय. सुटतो तो तिथं. बापानं रडणं थांबवलं म्हणून नव्हे. बाप तर तसाच दुःखात, घोड्यावर बसून पहाटे निघून जातो. मुलाला धरून ठेवलं होतं ते न बोललेल्या गोष्टीनं.

ही गोष्ट हवेतली नाही, हेही तुम्हाला माहीत असेलच. विली लिंकन २० फेब्रुवारी १८६२ ला टायफॉइडनं गेला, अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना. त्याला दुसऱ्या एका कुटुंबाच्या थडग्यात तात्पुरतं ठेवलं होतं आणि लिंकन तिथं जायचे असं तेव्हा बोललं जायचं. राष्ट्राध्यक्ष होते, युद्धात हजारोंनी माणसं मरत होती, तरी हा बाप आपल्या एका पोरासाठी रात्रीचा निघाला. त्याला कुणी म्हटलं असेल का, 'साहेब, चिखल व्हतोय'?

आमच्या आत्याचं सांगते. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून गाव झोपलं होतं, आणि चार वाजायच्या आत किल्लारीची जमीन हलली. आत्याच्या घरातले पाच जण दगडमातीच्या भिंतीखाली गेले. लातूर-उस्मानाबादेत मिळून दहा हजारांच्या आसपास माणूस गेला त्या पहाटे. गावाला एक सरण. कावळ्याची वाट बघायला कुणाला उसंत होती? दहावा कुठला, पिंड कुठला. आत्या पुढं वीस वर्षं जगली. ताट समोर आलं की पदर डोळ्याला लावायची, दोनेक मिनिटं, मग नाक पुसून भाकरी मोडायची. आम्ही पोरं थांबायचो तेवढा वेळ, मग जेवायला लागायचो. तिनं ज्वारीचं रान कसलं, नातसुनांची बाळंतपणं काढली, भांडणंही भरपूर केली. आसवांनी तिचं काही अडवलं नाही. आणि त्या पाच जणांची नावं आमच्या घरात कधी गिळली गेली नाहीत. "हे वांग्याचं भरीत तुझ्या काकाला लई आवडायचं," असं चालू असायचं.

तुमच्या घरात माझी खरी काळजी तिथं आहे. तुम्ही रडता त्याची नाही. "मुलं किती" या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत, आणि त्या दोन उत्तरांच्या मध्ये तुमची धाकटी उभी आहे. ती सायकल मागत नाही म्हणजे तिला नको आहे असं नाही. काही बोलायचं नसतं हे ती शिकली आहे.

नवऱ्याशी भांडू नका. एक म्हणणारा बाप मुलाला विसरलेला नसतो. बहुतेकांना ते पुढचं टाळायचं असतं: "अरेरे, कसा गेला? कुठं दाखवलं होतं? रक्त चढवलं होतं का?" बसस्टँडवर अनोळखी माणसासमोर डेंग्यूचे पाच दिवस पुन्हा उलगडण्यापेक्षा एक म्हणणं सोपं. तुम्ही त्यांना एवढंच विचारा की लोकांना काय सांगायचं ते नंतर बघू, घरात किती म्हणायचं? घरातलं उत्तर दोनच असणार, माझी खात्री आहे. ते एकदा त्यांच्या तोंडून, मुलीच्या समोर, निघू द्या. बाहेर कुणी काही सांगो.

मंडळाचं. जा, अवश्य जा. त्या कादंबरीत सुरुवातीला एक प्रकरण आहे, तुम्ही वाचलंच असेल. मुलगा वर तापानं फणफणलेला असताना खाली राष्ट्राध्यक्षांच्या घरी मेजवानी चालू आहे, आणि त्या रात्री चंद्र कसा होता याच्या साक्षी एकाखाली एक दिल्यात. कुणी म्हणतं पूर्ण, सोनेरी. कुणी म्हणतं कोर होती. कुणी म्हणतं चंद्र नव्हताच. एकच रात्र, एकच आभाळ. लेखकानं तुमची बैठक आधीच लिहून ठेवलीय म्हणायची. मग एमपीएससीवाली रडली आणि काकांनी पुस्तक मिटलं, यात एवढं काय? ते आपापल्या खिडकीतून बघत होते. त्या सगळ्यांत तुमची खिडकी तेवढी त्या आभाळाच्या सर्वांत जवळ होती, आणि तुम्हीच बोलला नाहीत. डिक्शनरी घेऊन वाचलेल्या बाईचं मत त्या खोलीत कुणी ऐकलं नाही, हे मला खटकलं.

मैत्रिणीला बैठकीत नाही, आधी घरी चहाला बोलवून सांगा: "तू पुस्तकाबद्दल बोललीस, मला ते माझ्याबद्दल ऐकू आलं." ती बहुधा चपापेल. तिनंच तुम्हाला तिथं नेलं होतं, तेव्हा मनात काळं नसणार. हुशार दिसायच्या नादात माणूस असं एखादं चकचकीत वाक्य बोलून जातं. मीही या स्तंभात बोलले असेन. तिनं उलट वाद घातला तर मात्र काही दिवस तिला लांब ठेवा, बाजींशेजारी बसा. ज्या बाईनं मत न देता आपल्या घरातला शब्द पुढं केला, तिच्याशी तुमचं जमेल असं वाटतं.

रडणं चालू करा. हे सल्ल्यासारखं नाही, सांगणं म्हणून घ्या. जबडा दुखेपर्यंत दाबून काही मिळत नाही. पण झोप अजिबात लागत नसेल, जेवण जात नसेल, किंवा "त्याच्याकडंच जावं" असं मनात येत असेल, तर वाट बघू नका. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फोन करायला नवऱ्यालाही सांगा, त्यांनाही कदाचित लागेल.

आता सायकल. पत्राच्या चौथ्या पानावर, समासात आडवं तुम्ही एक वाक्य लिहिलंय, बहुतेक पाकीट बंद करता करता सुचलेलं: "गेल्या दसऱ्याला ह्यांनी स्कूटर धुऊन हार घातला, आणि जाता जाता चादर उचलून सायकलच्या हँडलला एक झेंडूचं फूल खोचलं. मी दारातून बघितलं, बोलले नाही."

तो शब्द गोदावरीच्या काठावर त्या माणसानं दिलाय, तेव्हा तो मोडायचा की कसा पाळायचा हेही त्यांनीच ठरवायचं. पण कुणाला देणार नाही एवढंच ते म्हणाले होते. गंजू देईन असं म्हणाले नव्हते. आणि घरातली बहीण ही 'कुणी' होते का, हे त्यांना विचारण्यासारखं आहे. दसऱ्याला अजून अवकाश आहे. चादर काढा, तिघं मिळून पुसा, साखळीला तेल द्या. टायर बसले असतील, कोपऱ्यावर नेऊन हवा भरून आणा. धाकटीला बरोबर न्या. पंक्चरवाला सहज विचारेल, कुणाची सायकल आहे ही.

तिला सांगू द्या.

तुमची मावशी