पावसाळ्यात बेळगाव-खानापूर फिरताना जलरंगाचं सामान किती घ्यावं?

पुण्याहून ऑगस्टमध्ये चार दिवस येताय, हलशी, देगाव, राजहंसगड आणि गोकाकचा धबधबा रंगवायचाय, पाठीवर एकच सॅक, तर त्यात रंग किती घ्यायचे असं विचारलंय तुम्ही. मी खानापूरकडचाच. मला विचाराल तर अडचण रंगांची नाहीच ओ, वाळण्याची आहे. ऑगस्टात आमच्याकडे हवाच इतकी ओली असते की मोठा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, बराच वेळ ओला चकाकत राहतो आणि तेवढ्यात पुढची सर येते.

म्हणून आधी कागद ठरवा, बाकीचं सामान त्याच्यामागून आपोआप लहान होतं. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) सुती कागद घ्या. २२ × ३० इंचांचा एक ताव सोळा तुकड्यांत कापला की साडेपाच × साडेसात इंचांचे तुकडे मिळतात. चार दिवसांना ते भरपूर झाले. निम्मे झिपच्या प्लास्टिक पिशवीत अगदी कोरडे राहू द्या. कागदाला दमट हवा लागली की त्यावरचं सायझिंग, म्हणजे रंग लगेच शोषू न देणारा लेप, बिघडतं, रंग टिपकागदासारखा शोषला जातो आणि ठिपके उमटतात. कागदाच्या पाठीला आधार म्हणून पातळ प्लायचा तुकडा आणि दोन क्लिपा पुरतात. मास्किंग टेप ओल्या हवेत नीट धरत नाही, ती घरीच ठेवा.

रंग हाफ पॅनचेच, म्हणजे छोट्या वड्यांचे तयार सुके रंगच आणा. ट्यूबमधले रंग रिकाम्या पॅनमध्ये भरून आणायची पद्धत उन्हाळ्यात छान, पण पावसात काही कंपन्यांचे रंग आठवडाभर चिकटच राहतात, कारण त्यातलं ग्लिसरीन किंवा मध हवेतलं पाणी ओढतं. सॅकमध्ये पेटी उभी राहिली की ते ओघळतात. रात्री खोलीवर पेटी उघडी करून पंख्याखाली ठेवा, बंद राहिली तर बुरशी येते.

सहा रंगांत भागतं: लेमन यलो, यलो ओकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, थॅलो ब्लू. खानापूरकडची तांबडी माती लाइट रेडमध्ये थोडं ओकर घालून येते. बेळगावच्या पूर्वेला माती काळी होत जाते, तिथे अल्ट्रामरीन आणि सिएना एकत्र करा. पावसाळी आभाळाचा राखाडीही याच दोघांचा, फक्त पाणी जास्त. तयार हिरवा रंग आणू नका. इथला हिरवा इतका भडक दिसतो की तो तसाच लावला तर चित्र खोटं वाटतं. लेमन यलो आणि थॅलोमध्ये सिएनाचा कण टाकून तो जरा मारा.

वॉटरब्रश, म्हणजे दांड्यातच पाणी भरलेला ब्रश, प्रवासात सोयीचा म्हणतात, पण त्याच्या दांड्यातून पाणी सारखं उतरत राहतं, आणि इथे आपल्याला नेमका कोरडा ब्रश हवा असतो. टोक नीट जुळणारा एक आठ नंबरचा गोल ब्रश आणि धोतराचा जुना तुकडा, बास. पाण्याला झाकणाची छोटी डबी घ्या.

देगावचं कमलनारायण मंदिर १२व्या शतकातलं, गोव्याच्या कदंब राजघराण्यातल्या कमलादेवी राणीनं बांधवलेलं. तिथल्या कोरीवकामाच्या नादी लागलात तर दिवस जाईल, आधी पेन्सिलीनं फक्त सावल्यांचे आकार घ्या. गोकाकला मात्र लांब बसा. धबधबा साधारण ५२ मीटरचा, जवळ गेलात तर तुषारांनीच कागद भिजतो. आणि तिथल्या पाण्याला निळा लावू नका, घटप्रभा नदीचं पुराचं पाणी गढूळ तांबूस असतं, ओकर आणि सिएनातच ते जमतं.