हाताखालची माणसं वयानं मोठी असतील तर धाकाशिवाय काम करून घेता येतं का?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) नुकतेच शिफ्ट सुपरवायझर झालाय, हाताखाली वडिलांच्या वयाची माणसं आहेत आणि मालक म्हणतात, "आवाज चढवा, नाहीतर डोक्यावर बसतील", असं तुम्ही लिहिलंय. मीही याच धंद्यातला, बेळगावजवळच्या मच्छेत शिफ्ट सांभाळतो. धाकाशिवाय काम होतं. पण आधी धाकानं काय होतं ते बघा.

लॅडलमधलं, म्हणजे ओतायच्या भांड्यातलं, वितळलेलं मेटल ओतता ओतता गार होत जातं. शेवटच्या साच्यांपर्यंत ते फार थंडावलं तर कोल्ड शट येतो, म्हणजे मेटल एकजीव न होता मध्ये सांधा राहतो, आणि जुन्या ओतणाऱ्याला हे रंगावरूनच कळतं. उरलेलं मेटल त्यानं बाजूला पिगला, म्हणजे पुन्हा वितळवायच्या लाद्यांत, ओतलं की तुम्ही चारचौघांत "विजेचं बिल तू भरतोस काय?" म्हणणार असाल, तर तो गपगुमान साचा भरून मोकळा होतो. तुमचा दिवसाचा आकडा छान दिसतो. दोष निघतो मशिनिंगला, नाहीतर थेट गिऱ्हाइकाकडे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात इस्पितळांत असाच प्रकार पाहिला. चांगल्या नेतृत्वाच्या विभागांत औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या निघाल्या, कारण तिथली माणसं चूक बोलून दाखवत होती.

तेव्हा आपलेपणा चहा-भज्यांवर मोजू नका. वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती लवकर येते, ते बघा.

आमच्याकडे एक मोल्डर (वाळूचे साचे करणारे) मामा आहेत, खानापूरकडचे. एकदा मूठभर वाळू दाबून, मोडून बघितली आणि हात थांबवले. "सायेब, वाळू वली लागायलीय." लॅबचा रिपोर्ट तर ठीक होता. मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसून वाळू हातात घेतली आणि मिक्सर बंद करायला सांगितलं. पाण्याचा व्हॉल्व्ह गळत होता. तसेच साचे भरले असते तर ब्लो होलनी (वाफेनं-वायूनं मालात पडणाऱ्या पोकळ्यांनी) अख्खी शिफ्ट भंगारात गेली असती. व्हॉल्व्ह गळत नसता, तरी मी मिक्सर थांबवलाच असता. मामांच्या शब्दावर काम थांबतं हे पोरांनी पाहिलं, त्याची किंमत एका बॅचपेक्षा जास्त.

माणसं ओळखायची म्हणजे घरच्या चौकश्या करत सुटायचं नाही, तो चोंबडेपणा होतो. खानापूरच्या माणसाला भाताच्या रोप लावणीला सुट्टी लागणार, कुणाला सौंदत्तीच्या यल्लमाला जायचंय, कुणाला गणपतीला रजा हवी. हे आधीच विचारून तक्ता लावला तर ऐनवेळी दांड्या पडत नाहीत. कन्नड माणसाशी मोडकंतोडकं का होईना, कन्नड बोला. सीमेचं भांडण भट्टीपाशी आणू नका आणि कुणी आणलं तर तिथंच थांबवा.

दोन ठिकाणी मात्र मवाळपणा नको. ओल्या लॅडलमध्ये मेटल घेतलं तर स्फोट होतो. लॅडल तापवून सुकवणं, गॉगल, पायातले गेटर (पाय भाजू नयेत म्हणून घालायचं आवरण) यावर चर्चा नाही, मग समोर मामा असोत नाहीतर मालकांचा भाचा. दुसरं, ओव्हरटाइम. कायद्यानं दर दुप्पट आहे. तो बुडत असेल आणि तुम्ही गोड बोलत असाल, तर ते गोड बोलणं लोकांना बरोबर कळतं. तो तुमच्या हातात नसेल, पण मालकांपुढे विषय काढणं तुमच्याच हातात आहे.

राहिले मालक. त्यांच्याशी वाद घालू नका, आकडे दाखवा. शॉपवर पकडलेलं रिजेक्शन एका रकान्यात, गिऱ्हाइकाकडून परत आलेलं दुसऱ्यात. सुरुवातीला पहिला रकाना फुगेल, कारण आजवर लपलेलं बाहेर येणार. हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात तुम्हालाच बोलणी बसतील.