आकृती ३.२, संदर्भ मात्र ३.४

प्रश्न : प्रबंध लेटेकमध्ये (आज्ञा लिहून छापील मांडणी करून देणाऱ्या प्रणालीत) करतो आहे. आकृतीखाली ‘३.२’ बरोबर छापलं जातं, पण मजकुरातल्या संदर्भात ‘३.४’ येतं. कितीही वेळा चालवलं तरी तेच. असं का?

उत्तर : आकृतीच्या चौकटीत लेबल (संदर्भासाठी आकृतीला दिलेलं नाव) कॅप्शनच्या (आकृतीखालच्या ओळीच्या) वर लिहिलंय का, ते आधी पाहा. बहुधा तेच असणार. आकृतीचा आकडा चौकट उघडली म्हणून वाढत नाही, कॅप्शन आल्यावर वाढतो. लेबल बिचारं आपल्याआधी शेवटचा पडलेला क्रमांक उचलतं. कॅप्शनच्या वर असेल तर त्याच्या हाती चालू विभागाचा क्रमांक लागतो. तुमचा ३.४ म्हणजे तिसऱ्या प्रकरणाचा चौथा विभाग. साध्या लेखात आकृतीचा क्रमांक नुसता ‘५’ असतो, तिथे ‘२.१’ दिसलं की लगेच खटकतं. प्रबंधात दोन्ही आकडे एकाच तोंडवळ्याचे, म्हणून ही चूक गाइडच्याही नजरेतून निसटते.

क्रम असा ठेवा : चित्र, कॅप्शन, मग लेबल. त्यानंतर दोनदा चालवा. पहिल्या खेपेत क्रमांक ऑक्स नावाच्या सहायक फाइलमध्ये नोंदले जातात, दुसऱ्या खेपेत तिथून वाचून छापले जातात. तरीही ‘??’ उरलं, तर लेबलचं नाव दोन ठिकाणी वेगवेगळं टाइप झालंय. कोणतं, ते लॉग फाइल नावानिशी सांगते.

प्रश्न : मराठी मजकुरात ‘आकृती’ ओळीच्या शेवटी राहते आणि आकडा खाली जातो. क्लेव्हररेफ (‘आकृती’ हा शब्द आपोआप घालणारं पॅकेज) वापरलं, तर दोन आकृत्यांच्या मध्ये चक्क इंग्रजी ‘अँड’ येतो.

उत्तर : हाताने लिहीत असाल तर ‘आकृती’ आणि रेफ (क्रमांक आणणारी आज्ञा) यांच्यात स्पेसऐवजी ~ टाका, ओळ तिथे तुटणार नाही. ‘मध्ये’, ‘वरून’ हे रेफच्या बंद कंसाला चिकटवूनच लिहा.

क्लेव्हररेफ हे हायपररेफच्या (संदर्भांना दुवे देणाऱ्या पॅकेजच्या) नंतर लोड करायचं. ‘अँड’ दोन संदर्भ जोडण्यासाठी पॅकेजमध्ये ठरवलेल्या उभयान्वयीतून येतो. त्याच्या जागी ‘ व ’ द्या, दोन्ही बाजूंच्या स्पेससकट, नाहीतर ‘३.२व३.३’ असा गोळा होतो. तीन किंवा जास्त आकृत्यांसाठी शेवटचा जोडशब्द आणि सलग क्रमांकांसाठी ‘ते’ वेगळे ठरवावे लागतात. नाव देताना एकवचन आणि अनेकवचन दोन्हीकडे ‘आकृती’च ठेवा. ‘आकृत्या’ दिलं की पुढे ‘मध्ये’ आल्यावर ‘आकृत्यांमध्ये’चं सामान्यरूप हवं, आणि विभक्ती काही पॅकेजला कळत नाही.

प्रश्न : वर्डमध्ये संदर्भाच्या जागी अचानक एररचा संदेश आला.

उत्तर : मूळ कॅप्शन पुसून पुन्हा टाइप केलं असणार, त्याला बांधलेला लपलेला बुकमार्क (वर्डने ठेवलेली खूण) त्याबरोबर गेला. तो संदर्भ काढून नव्याने घाला. मग कंट्रोल-ए (सगळं निवडायला) आणि एफ९ (क्रमांक ताजे करायला). टेक्स्टबॉक्समधली कॅप्शन्स त्यात येत नाहीत, तिथे आत क्लिक करून हेच पुन्हा करा.