खडी क्रशरवरचे पाणी : मोठा पंप घेण्याआधी

आपला प्रश्न असा आहे की, क्रशरला जोडून क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) धुण्याचे युनिट आणि पेव्हर ब्लॉकचा कारखाना आहे, मार्चपासून रोज टँकर मागवावे लागतात, तेव्हा खाणीच्या जुन्या खड्ड्यातले पाणी वापरता येईल का आणि त्यासाठी किती मोठा पंप घ्यावा. पंपाचे शेवटी सांगतो, कारण अनेक वर्षे क्रशरवर काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की पाण्याची गरज किती आहे हे तपासण्याआधी घेतलेला पंप नेहमी मोठाच घेतला जातो.

पहिला प्रश्न धुण्याचाच आहे. खडी-वाळूसाठीच्या आयएस 383 या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत दगड फोडून केलेल्या वाळूत 75 मायक्रॉनपेक्षा बारीक भुकटी 15 टक्क्यांपर्यंत चालते. नैसर्गिक वाळूसाठी ही मर्यादा 3 टक्के आहे. तरीही अनेक ठिकाणी नदीच्या वाळूच्या सवयीने क्रश सँड अगदी स्वच्छ होईपर्यंत धुतात आणि काँक्रीटला उपयोगी पडणारी भुकटी गाळात घालवतात. भुकटी दगडाची आहे की मातीची, हे मात्र पाहिले पाहिजे. त्यासाठी मिथिलीन ब्लू चाचणी आहे. वाळूतल्या बारीक भुकटीच्या पाण्यात निळा रंग थोडा थोडा मिसळत जायचे आणि प्रत्येक वेळी काचकांडीने एक थेंब गाळणकागदावर ठेवायचा. माती रंग ओढून घेते तोवर डागाभोवतीचा कागद पांढराच राहतो. मातीची भूक भागली की गडद डागाभोवती फिकट निळे कडे उमटते. ते लवकर उमटले तर भुकटी दगडाची आहे. माती निघाली तर ती बहुधा वरच्या मुरमातून आलेली असते, म्हणून डबर (खाणीतले मोठे दगड) जॉ क्रशरमध्ये, म्हणजे दगड फोडणाऱ्या यंत्रात, जाण्याआधीच जाळीवर मुरूम वेगळा काढावा. जास्तीची कोरडी भुकटी हवेने काढणारी यंत्रेही मिळतात, त्यांना पाणी लागत नाही.

जे धुवावेच लागेल त्याचे पाणी फिरवून वापरा. दोन-तीन कप्प्यांचा हौद, पाणी संथ शिरेल अशी आडभिंत, वाळूतले पाणी निथळून घेणारी कंप चाळणी आणि शक्य असेल तर गाळ दाबून वडी करणारा फिल्टर प्रेस, एवढे असले की ताजे पाणी फक्त वाळू आणि गाळ यांच्यासोबत बाहेर जाणाऱ्या ओलाव्यापुरते लागते. गाळ नाल्यात सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. मी पूर्वी काम करत असलेल्या एका क्रशरवर पावसाळ्याच्या तोंडावर हौद थेट ओढ्यात रिकामा केला जाई. खालच्या अंगाच्या एका शेतकऱ्याने कांद्याच्या वाफ्यातून उचललेला राखाडी पापुद्रा आणून माझ्या हातावर ठेवला होता. तो खापरीसारखा कडक होता आणि पाणी टाकले तर वरूनच ओघळून जात होते.

धूळ दाबणाऱ्या फवाऱ्यांचे पाणी मात्र कमी करू नका. तिथे कामगारांच्या फुफ्फुसांचा प्रश्न आहे. बारीक तुषार देणारे नोझल बसवा, कन्व्हेअर झाका आणि खडी पडण्याची उंची कमी करा, म्हणजे कमी पाण्यात धूळ बसते. ब्लॉकवर भरदुपारी पाइप धरून पाणी मारण्यापेक्षा ते ओले करून प्लास्टिकखाली झाकून ठेवावेत. क्युरिंगला, म्हणजे सिमेंट ओले राहून घट्ट होण्याला, ओलावा टिकण्याची गरज असते, जमिनीवर वाहून गेलेल्या पाण्याची नाही.

आता खड्डा. अर्ध्या हेक्टरच्या खड्ड्यात सरासरी 4 मीटर पाणी असेल, तर ते 2 कोटी लिटर होते, आणि उन्हाळ्यात रोज 5 मिलिमीटर जरी उडाले तरी 25,000 लिटर, म्हणजे 10,000 लिटरचे अडीच टँकर, वाफ होऊन जातात. म्हणून पावसाचे साठलेले पाणी वापरणे योग्यच आहे. पण ते पावसाचे आहे का? आपल्याकडचा घट्ट काळा पाषाण स्वतः फारसे पाणी धरत नाही; पाणी असते ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यांत, आणि शेजारच्या विहिरीही तिथूनच भरतात. काठाला मोजपट्टी रोवा, एक दिवस उपसा करा आणि दुसऱ्या सकाळी पहा. पाऊस नसताना पातळी पुन्हा चढली, तर तो पाझर आहे, आणि मग भूजलाची परवानगी व शेजाऱ्यांशी बोलणे या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय उपसा करू नये. विहिरींची पातळी आधीच मोजून ठेवा, नंतर वाद झाल्यास नोंद हाताशी असते.

पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या. काँक्रीटसाठीच्या आयएस 456 (2000) या मानकानुसार काँक्रीटच्या पाण्याचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा) किमान 6 असावा आणि क्लोराइडचे प्रमाण, लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी लिटरमागे 500, तर लोखंड नसलेल्यासाठी 2000 मिलिग्रॅमच्या आत असावे. सुरुंगाच्या स्फोटकांमुळे खाणीच्या पाण्यात नायट्रेट उतरू शकते, तेव्हा तपासल्याशिवाय ते कोणालाही पिण्यास देऊ नका.

राहिला पंप. पाणी फिरवून वापरल्यावर रोज 30,000 लिटर कमी पडत असतील, तर तासाला 5,000 लिटर देणारा पंप सहा तास पुरतो. त्यावर मीटर बसवा आणि पाणी ओढणाऱ्या पाइपचे तोंड तळाच्या गाळापासून वर, तरंगत्या पिंपाला बांधून ठेवा. आपण मोजपट्टीच्या आठ दिवसांच्या नोंदी आणि वाळूत 75 मायक्रॉनपेक्षा बारीक भुकटी किती आहे याचा अहवाल इथे दिलात, तर नेमका आकार सांगता येईल.