आमच्या दारव्ह्याच्या शेतकरी कंपनीचा चॅट सर्व्हर प्रॉसडी या सॉफ्टवेअरच्या ०.११.८ आवृत्तीवर चालतो. तिच्या पासवर्ड तपासणीत खोट आहे का?

आहे. तुमचा सर्व्हर इंटरनेटवर उघडा असेल तर आजच अपडेट करा. ०.११.९ च्या आधीचं प्रॉसडी लुआ (ते ज्या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं ती) ५.२ किंवा पुढच्या आवृत्तीवर चालत असेल, तर काही गुप्त अक्षरमाळांची तुलना पहिल्या चुकीच्या अक्षरालाच थांबते. उत्तराच्या वेळेतला तो बारीक फरक मोजून हल्लेखोर गुपिताचा अंदाज बांधू शकतो.

आवृत्ती ‘प्रॉसडीसीटीएल अबाउट’ (prosodyctl about) या कमांडने दिसते, लुआचीही. आधी डेटा फोल्डरची प्रत काढा, आणि लाइनीचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टर चार्ज असतानाच अपडेट लावा. नंतर सर्व्हिस रीस्टार्ट करायला विसरू नका, नाहीतर मेमरीत जुनंच चालत राहतं.

पासवर्ड साठवण्याच्या सेटिंगमध्ये ‘इंटर्नल प्लेन’ (internal_plain) असेल तर ‘इंटर्नल हॅश्ड’ (internal_hashed) करा. नाहीतर सगळे पासवर्ड डिस्कवर उघडे पडून राहतात.